१२७ डिग्री दिसलं म्हणून मदरबोर्ड बदलायला सांगू नका!

कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकायचा विचार असेल, तर हा धडा आधी पक्का करा.

दुकान सुरू केलं त्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाला मदरबोर्ड बदलायला सांगितलं. का? स्क्रीनवर एक सेन्सर १२७ डिग्री दाखवत होता. बोर्ड चांगला होता. त्या जागी सेन्सर जोडलेलाच नव्हता! त्यांनी दुसरीकडे दाखवलं आणि परत माझ्याकडे आले नाहीत.

म्हणून एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर उघडलं की तीन प्रश्न विचारायचे.

१. आकडा कोणाचा?
'सीपीयू पॅकेज' आणि 'कोअर' हे प्रोसेसरच्या आतले सेन्सर. आधी हेच बघा. 'ऑक्सटिन', 'टीएमपीआयएन' असली नावं मदरबोर्डवरच्या चिपची असतात. तिथे सेन्सर जोडलेला नसेल तर १२७ किंवा शून्याखालचा भलताच आकडा दिसतो. खूण सोपी आहे: पीसीवर लोड टाका. बाकीचे आकडे चढले आणि हा जागचा हलला नाही, तर सोडून द्या.

२. पीसी काय करत होता?
नुसता चालू असताना ३५ ते ५०, कामाचा लोड असताना ६० ते ८० डिग्री, हे साधारण ठीक. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास असते. तिथे पोहोचला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो. गिऱ्हाईक म्हणतं, "पीसी स्लो झालाय." तुम्ही रॅम विकता, आणि तक्रार तशीच राहते! पण रायझेन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जातील असेच बनवलेत. म्हणून मॉडेलची मर्यादा कंपनीच्या साइटवर बघूनच बोला.

३. खोलीत किती आहे?
साधा फॅन-कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत २५ असताना ६५ दाखवणारा पीसी, मे महिन्यात खोलीत ४० झाल्यावर ८० च्या आसपास जाणारच. तो बिघाड नाही. खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक बघा. तेवढ्याच कामाला फरक आधीपेक्षा वाढला, तर धूळ, फॅन आणि थर्मल पेस्ट तपासा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा.

आता धंद्याची गोष्ट. सर्व्हिसच्या आधी आणि नंतर, तोच लोड टाकून आकडा बिलावर लिहा. "आधी ९१, आता ७०" हे गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी बघतं, मग सर्व्हिसच्या पैशांवरून घासाघीस कमी होते.

आजचा गृहपाठ: स्वतःच्या पीसीचे रिकामे आणि लोडवरचे आकडे खोलीच्या तापमानासकट वहीत लिहा. दुसऱ्याचा पीसी उघडण्याआधी आपला वाचता आला पाहिजे.