नळी आहे, मग अँटिबायोटिक का नाही?

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या नातवाची हायपोस्पॅडियासची शस्त्रक्रिया झाली. शूच्या जागी अजून नळी आहे, तरी सर्जननी घरी अँटिबायोटिक दिलं नाही. शेजारच्या मुलीला मात्र रिफ्लक्सच्या शस्त्रक्रियेनंतर रोज रात्री औषध चालू आहे. असं का?

उत्तर : दोघांचंही बरोबर असू शकतं. जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक काप घेण्यापूर्वीच्या तासाभरात शिरेतून देतात आणि बहुतेकदा तेवढा एक डोस पुरतो. घरी द्यायचं रोजचं औषध असतं लघवीतल्या जंतूंसाठी. तुमच्या नातवाचं लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला होतं, एवढंच. अशा मुलांच्या किडन्या सहसा ठणठणीत असतात आणि नळीही काही दिवसांत निघते. छिद्र टोकाच्या जवळ असलेल्या मुलांच्या तुलनात्मक अभ्यासांत नळी असेपर्यंत औषध देऊन ठळक फायदा दिसलेला नाही. तरी ते सवयीने लिहून देणारे पुष्कळ आहेत! नळीतल्या लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी केली तर जंतू अनेकदा सापडतात. ताप किंवा दुसरा त्रास नसेल तर सहसा त्यांच्यामागे लागत नाहीत.

शेजारच्या मुलीची गोष्ट वेगळी. रिफ्लक्समध्ये मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते, जंतूंनाही सोबत नेते. शस्त्रक्रियेनंतर सगळं नीट झाल्याची खात्री होईपर्यंत काही सर्जन औषध चालू ठेवतात. नेहमीच्या मात्रेच्या साधारण पाव ते तृतीयांश. आणि रात्री, कारण झोपेत लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते.

पण याची किंमत असते. रिफ्लक्स असलेल्या, शस्त्रक्रिया न झालेल्या ६०७ मुलांवर अमेरिकेत दोन वर्षं चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. रोज को-ट्रायमोक्साझोल घेणाऱ्यांत लघवीचा संसर्ग पुन्हा होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. किडनीवरचे व्रण मात्र कमी झाले नाहीत. शिवाय ई. कोलायचा संसर्ग पुन्हा झालाच, तर औषध घेणाऱ्या गटात ६३ टक्के वेळा तो जंतू त्या औषधाला दाद देईनासा झालेला होता. औषध न घेणाऱ्या गटात १९ टक्के. म्हणून ‘असू दे, काय बिघडतं’ म्हणून हे औषध देणं मला पटत नाही.

नातवाला ताप आला किंवा नळीतून लघवी येणं थांबलं, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. घरातलं उरलेलं सिरप तोवर देऊ नका. लघवीचा नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये जंतू सापडेलच असं नाही.