कोठी रिकामी, बाव भरलेली



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते १३.

या अध्यायाचं नाव दैवासुरसंपद्विभागयोग. नाव मोठं, पण विषय आपल्या रोजच्या जगण्यातला: माणसाजवळ दोन प्रकारची संपत्ती असते. दैवी संपत्तीच्या यादीत 'दान' पहिल्याच श्लोकात येतं. तेराव्या श्लोकात मात्र वेगळा माणूस भेटतो. आज काय हाती लागलं ते तो मोजतो आणि उद्या आणखी काय मिळवायचं याचे बेत करत बसतो. हा श्लोक मी नेहमी 'दुसऱ्या कुणाबद्दल' म्हणून वाचायचो. गेल्या रविवारी लोहगडावर कळलं, तो माझ्याबद्दलही आहे.

मळवलीला लोकलनं उतरून आम्ही गड चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे मागे टाकले. सोबतचा भाचा रील्सवर राजस्थानातले महाल पाहून आलेला. वर पोहोचताच म्हणाला, "मामा, आतला महाल कुठंय? झुंबरं, आरसे, सोनेरी छत?"

मी त्याला लक्ष्मीकोठीत नेलं. खडकात कोरलेल्या खोल्या. सुरतेची लूट नेतोजी पालकरांनी या गडावर आणली, असं सांगतात. पुढे नाना फडणविसांनीही आपला पैसा इथेच ठेवला. आज आत फक्त अंधार आणि गारवा.

"एवढंच?"

"एवढंच."

नानांना सजावट कळत नव्हती असं नाही. वाईजवळ मेणवलीला त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर रंगीत चित्रं आहेत. लोहगडावर मात्र त्यांनी एक बाव बांधली. तिथल्या शिलालेखात शके १७११, म्हणजे इ.स. १७८९, असा काळ दिलाय. १८०० साली नाना गेले, १८१८ साली गड इंग्रजांकडे गेला. जपून ठेवलेलं धन गेलं. दुसऱ्यांची तहान भागावी म्हणून बांधलेली बाव राहिली. आम्ही गेलो तेव्हा तिच्यात पाणीही होतं.

तिथे बसलो असताना मोबाईलवर मेसेज आला: आमच्या नव्या फ्लॅटच्या इंटिरियरचं कोटेशन. फॉल्स सीलिंग, लपवलेले लाइट, आणि तिसऱ्या खोलीत होम थिएटर. ती खोली आईसाठी धरली होती. बाबा गेल्यापासून ती गावी एकटी असते. 'आई कुठे कायमची येणारे!' असं म्हणत आम्ही दोघांनी त्या डिझाईनला होकार दिला होता. तिला मात्र विचारलंच नव्हतं.

गीता घर सजवू नका म्हणत नाही. पण मोजणी चालू असताना त्या हिशोबात माणसं कुठे आहेत, एवढं तरी बघायला हवं ना?

खाली उतरताना आईला फोन केला. "तुझ्या खोलीला कुठला रंग देऊ?" थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "रंग कुठलाही दे रे, सकाळचं ऊन येतं का तेवढं बघ."

आजचा अभ्यास: आपल्या घरातली एक जागा, एक वस्तू किंवा दिवसातला एक तास निवडा आणि स्वतःला विचारा, ही माझी कोठी आहे की बाव? उत्तर कोठी आलं, तर आज तिचं दार कुणासाठी तरी उघडा.

पांडुरंगा, मोजण्यातून सोडव, देण्याची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!