आखाडा बदलण्याचा हिशेब

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

एखाद्या खेळाडूने एक खेळ सोडून दुसरा धरला की आपण दोनच गोष्टी बोलतो. जमले तर 'रक्तातच होते' म्हणतो. नाही जमले तर 'नसते धाडस कशाला केले?' म्हणून मोकळे होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला मात्र एवढ्याने चैन पडत नाही. एका धंद्यातले भांडवल दुसऱ्या धंद्यात नेले, तर त्यातले किती चालते आणि किती बुडते, हे वहीत मांडून पाहावेसे वाटते. प्रस्तुत लेखात मी हा हिशेब दोन खेळांना लावणार आहे. एक मुष्टियुद्ध, म्हणजे आपले बॉक्सिंग. दुसरी मिश्र युद्धकला, म्हणजेच मिक्स्ड मार्शल आर्ट्स. या दुसऱ्या खेळात ठोसा चालतो, लाथ चालते, गुडघा आणि कोपर चालते. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडून गळा आवळणे किंवा सांधा पिरगळणेही चालते. यांपैकी कोणाला दुसऱ्याच्या खेळात शिरणे सोपे जाते?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. ज्याला सगळे येते त्याला त्यातले एक येणारच! मलाही असेच वाटे. पण झालेल्या लढती पाहिल्या की हे उत्तर निम्मेच खरे ठरते.

या प्रश्नाचा पहिला गाजलेला प्रयोग 26 जून 1976 रोजी टोकियोत झाला. एका बाजूला मुष्टियुद्धाचा जगज्जेता महंमद अली, दुसऱ्या बाजूला जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी. नियम असे चमत्कारिक बांधलेले, की इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला आणि अली त्याच्याभोवती फिरत राहिला. पंधरा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सुटली. प्रेक्षक वैतागले, अलीचे पाय सुजले. तरी एक गोष्ट दिसलीच : ज्याच्या हातांना जगात तोड नव्हती, त्याला जमिनीवर पडलेल्या माणसाचे काय करावे हे उमगेना.

28 ऑगस्ट 2010 रोजी बोस्टन येथे नियमांची ही भानगड नव्हती. अनेक वजनगटांत जगज्जेता राहिलेला मुष्टियोद्धा जेम्स टोनी मिश्र युद्धकलेच्या पिंजऱ्यात उतरला. समोर होता मूळचा कुस्तीगीर रँडी कुटूर. त्याने लगेच पाय धरून टोनीला खाली घेतले आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून शरण आणले. टोनीचा ठोसा कामाला येण्याआधीच लढत संपली.

आता उलट बाजू. 26 ऑगस्ट 2017 रोजी लास व्हेगासमध्ये मिश्र युद्धकलेचा विजेता कॉनर मॅकग्रेगर मुष्टियुद्धात फ्लॉइड मेवेदरपुढे उभा राहिला. सुरुवातीच्या फेऱ्या त्याने बऱ्या खेळल्या, पण नंतर तो दमला आणि दहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. त्याच्या खेळात अजिंक्यपदाची लढत पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची, म्हणजे 25 मिनिटांची. मुष्टियुद्धात तीन मिनिटांच्या बारा, म्हणजे 36. शिवाय पिंजऱ्यात दमलेला माणूस प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून कुंपणाशी रेटतो, खाली पाडून वर बसतो. मुष्टियुद्धात मिठी मारली की पंच सोडवतो. दमायला जागाच नाही!

28 ऑक्टोबर 2023 रोजी रियाधमध्ये फ्रान्सिस एनगानूने टायसन फ्युरीला तिसऱ्या फेरीत खाली पाडले आणि जग थक्क झाले. फ्युरी जिंकला, पण पंचांच्या विभागलेल्या कौलाने. मात्र मार्च 2024 मध्ये अँथनी जोशुआने त्याच एनगानूला दुसऱ्याच फेरीत आडवे केले. आणि एनगानू काही उपरा नव्हता; तरुणपणी तो पॅरिसला आला होता तो मुष्टियोद्धा होण्याच्याच इराद्याने.

या सर्वांवरून माझे मत असे झाले आहे. मिश्रवाल्याला मुष्टियुद्धाचे दार लवकर उघडते, कारण तिथे त्याच्यावर होऊ शकणारे हल्ले कमी होतात. पण आत गेल्यावर बसायला जागा मिळत नाही. तिथे बसलेला माणूस आठव्या-दहाव्या वर्षापासून तेवढे एकच काम करीत आलेला असतो. मुष्टियोद्ध्याचे उलट. त्याच्या काही सवयी नव्या खेळात नुसत्या निरुपयोगी ठरत नाहीत, तर अंगावर येतात. ठोसा चुकवायला डोके खाली नेले की समोरून गुडघा येतो. पुढच्या पायावर भार दिला की त्याच पायावर लाथ बसते. जमेच्या बाजूची रक्कम एका रात्रीत नावे पडावी तसा हा प्रकार. हे देणे फेडायला वर्षे लागतात. हॉली होम मुष्टियुद्धाची जगज्जेती होती. 2011 मध्ये तिने मिश्र युद्धकलेत पहिली लढत दिली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला राँडा राउझीला हरवून ती तिथलीही जगज्जेती झाली. निर्णायक घाव ठोशाचा नव्हता, डोक्यावर बसलेल्या लाथेचा होता.

'एवढ्या दूरच्या गोष्टी कशाला?' असे वाचक विचारतील. तर आपल्या मातीतला दाखला पाहू. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. मातीत वाढलेला हा मल्ल 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला. कुस्ती तीच, पण आखाडा निराळा. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. मातीत लांग धरून डाव टाकता येतो, मॅटवर कपड्याला हात लावायचा नाही. वेळ मोजलेली आणि चितपट झाली नाही तर पंचांचा कौल. ते सहावे आले. मग चार वर्षे त्यांनी तयारी केली. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नियम बदलल्यापासून पदकापर्यंत चार वर्षे आणि एक गहाणखत, असा तो ताळेबंद आहे.

पुढे 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. गणपतराव आंदळकरांनी नेमके उलटे केले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड नाही, पायाने डाव नाही. तरीही दोघे दोन्हीकडे चालले, कारण अंगाला अंग भिडवून तोल काढणे ही त्यांची मूळ पुंजी दोन्ही दुकानांत खपत होती. तिला मी 'खेळते भांडवल' म्हणेन. आमच्या विषयाने एवढा अचूक शब्द कुस्तीसाठीच करून ठेवला असावा! (तालमीला कन्नडमध्ये 'गरडी मने' म्हणतात, पण कुस्तीला दोन्ही भाषांत कुस्तीच.)

हा सगळा खटाटोप मी ज्याच्यासाठी केला तो माझा मावसभाऊ सुरतच्या पांडेसऱ्यात राहतो. मीही तिथलीच, दहावीपर्यंत तिथेच मराठी माध्यमात शिकले आणि मग कॉलेजसाठी आजोळी, या सीमाभागात आले. त्याचे वडील डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर आहेत, तो स्वतः अठराव्या वर्षी फोल्डिंग खात्यात पाळी करतो. चार वर्षे तो बॉक्सिंग शिकला. आता तिथल्या एका व्यायामशाळेचे शिक्षक त्याला म्हणतात, 'बॉक्सिंग सोड, पिंजऱ्यात ये, दोन महिन्यांत लढत देतो, पैसे मिळतील.' दिवाळीच्या सुट्टीत तो मला म्हणाला, "ताई, तू कॉमर्सवाली. हिशेब करून सांग."

मी त्याला वरचे सगळे सांगितले. दम, अंतराचा अंदाज, मार खाऊन उभे राहणे हे तुझे जमा. पुढच्या पायावरचा भार आणि खाली जाणारे डोके हे नावे. वय तुझ्या बाजूचे आहे, पण दोन महिने म्हणजे काहीच नाही. मावशी पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. ती म्हणाली, "अगं, सगळं धरलंस. ह्याचा हात मोडला तर पाळीवर कोण जाईल, ते कुठल्या रकान्यात?" त्याला माझ्याकडे रकाना नव्हता. मिलमध्ये त्याला रोजावर पगार. खाडा झाला की पैसे कापले जातात.

शेवटी ठरले ते असे : बॉक्सिंग सोडायचे नाही, वर्षभर एकही लढत घ्यायची नाही आणि सुट्टीच्या दिवशी कुस्ती शिकायची. खानदेशातून आलेले एक वयस्कर पैलवान तिथे मुलांना फुकट डाव शिकवतात. व्यायामशाळेचे शिक्षक नाराज झाले. मावसभावाचे परवा पत्र आले. पहिल्या महिन्यात त्याने एकच गोष्ट केली म्हणतो : पडणे. दिवसाला चाळीस वेळा. आणि पुढच्या पायावर भार द्यायची खोड अजून गेलेली नाही.