थंडीतली सावड

महाड, पौष

चि. भाचीस,


शाळेतल्या सोबतिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडायचं तू ठरवलं आहेस, आणि त्याचं जे कारण लिहिलं आहेस ते मला खोटं वाटत नाही. पुण्यातली नोकरी, वर परीक्षेचा अभ्यास, आणि फोन उघडावा तर कोणी उन्हात मांडलेल्या शेणींचा फोटो टाकलेला, कोणाच्या वालाच्या शेंगा वानरांनी ओरबाडलेल्या, कोणाचा सिलिंडर चार दिवस आलेला नाही, कोणाच्या बंबात लाकूड ओलं म्हणून घरभर धूर. ‘यात बोलण्यासारखं काय आहे?’ असं तू विचारतेस. खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही. तरीही ते बोलणं तू सोडू नयेस असं मला वाटतं, आणि का वाटतं ते जरा सविस्तर लिहिते. पटलं नाही तर खुशाल बाहेर पड. पण कारण तपासून मग पड.

आधी त्या कामांकडे बघू. भात घरात आलं की कोकणातला माणूस मोकळा, असं घाटावरच्यांना वाटतं. पण तुझ्या सोबतिणींच्या पोलादपूरच्या वाड्यांत थंडी म्हणजे न संपणाऱ्या बारक्या कामांचा हंगाम. झोडणी उरकून पेंढ्याची उडवी रचायची, जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरायचा आणि मग तो राखायचा, राबासाठी कवळ तोडून वाळवायची, पातेरा झाडून त्याचे भारे डोक्यावरून आणायचे, शेणी थापायच्या, उलथायच्या आणि पावसाळ्यासाठी रचून ठेवायच्या, परसाची वई नीट करायची, अंगण सारवायचं. यातलं एकही काम सांगण्याजोगं मोठं नाही, आणि एकही असं नाही की एकदा केलं आणि संपलं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषाची ९७. पाच तासांना एक मिनिट कमी! शिवाय ही कामं करणाऱ्या बायका शंभरात ऐंशीहून अधिक आणि पुरुष जेमतेम सव्वीस. इतका वेळ खाणाऱ्या गोष्टीला आपण क्षुल्लक म्हणतो, तेव्हा आपण काम मोजत नसतो, ते कोण करतं ते बघून भाव ठरवत असतो. तू तशी नाहीस हे मला ठाऊक आहे. पण शब्द कुठून येतात ते आपल्यालाही कळत नाही कधीकधी.

आता बोलण्याकडे ये. ही कामं पूर्वी मुकाट्यानं होत नसत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यांत देवादिकांच्या ओव्या आहेत, तशा भावाच्या वाटेच्या, सासरच्या जाचाच्या, लेकीच्या आणि शेजारणीच्याही आहेत. एवढं सगळं पहाटेच्या अंधारात जात्यापाशीच का निघालं? कारण दळणाला दोघी बसत, हात गुंतलेले असत आणि तोंड मोकळं असे. पाणवठ्यावर तेच, लावणीच्या वाफ्यात तेच. बोलायला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता; तो कामाच्याच पोटात होता. मग पिठाची गिरणी आली, दारात नळ आला, चुलीशेजारी शेगडी आली. या सगळ्याचं मी स्वागतच करते, जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी पायली-दोन पायली दळून दाखवावं. पण कामाचा भार हलका होताना त्याला जोडलेला सहवासही निघून गेला, हेही नोंदवलं पाहिजे. त्यात आपल्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला. कशेडी घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा. २०११ च्या जनगणनेत तिथं हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. कमावता पुरुष चाकरीला आणि घर, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या गळ्यात, ही पोलादपूरचीही तऱ्हा. आता तर तुझ्यासारख्या मुलीही बाहेर आहेत. वाडीत राहिलेलीचे हात अजून गुंतलेलेच आहेत. जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसणारी मात्र कोणी नाही. फोनवर शेणींचा फोटो टाकणारी सोबतीण त्या रिकाम्या जागेवर तुला बोलावते आहे.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली एका निबंधात म्हटलं होतं की माणसाच्या बोलण्याचा मोठा भाग माहिती देण्यासाठी नसतोच. ‘आपण एकमेकांचे आहोत’ एवढंच त्यातून सांगायचं असतं. हवापाण्याच्या गप्पा, ‘जेवलात का’ हा प्रश्न, सगळं त्यातलं. तो निरीक्षण करत होता पॅसिफिकमधल्या बेटांवर. पण आपल्याकडे यासाठी त्याहून नेमका शब्द आहे असं मला वाटतं, आणि तो शेतातला आहे: सावड. आज मी तुझ्या वाफ्यात, उद्या तू माझ्या. सावडीत मजुरी नसते, उपकारही नसतो. असतो तो फेडीचा भरवसा. कोणाचं शेत मोठं, कोणाचं चिमूटभर, तरी ज्याने त्याने आपली पाळी चुकवायची नाही एवढाच नियम. तुझ्या ग्रुपवर चालते ती कंटाळ्याची सावड आहे. एकीने आपला दिवस मांडला, दुसरीने तो पाहिला, मग दुसरीने मांडला. हे डोळ्यापुढे ठेवलंस तर तुझी नेमकी अडचणही दिसेल. त्यांचं बोलणं बारीकसारीक आहे हा तुझा त्रास नाही. तू महिनोन्महिने नुसती वाचत आलीस, स्वतःचं काही टाकलं नाहीस. पाळी न देता दुसऱ्याच्या बांधावर उभं राहणाऱ्याला लावणी लांबलचकच वाटते.

यावर तू म्हणशील, सावडीत वाफा लावून तरी होतो; ‘अरेरे’ लिहून कोणाची भांडी घासली जातात? हा आक्षेप जड आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. शब्दांनी काम होत नाही. पण कामाचा शीण दोन प्रकारचा असतो. एक अंगाचा, तो झोपेने जातो. दुसरा, केलेलं कोणाच्या डोळ्यांत न भरल्याचा. स्वच्छ अंगण कोणाला दिसत नाही, न सारवलेलं तेवढं दिसतं. या दुसऱ्या शिणावर साक्षीदाराखेरीज औषध नाही, आणि साक्ष शब्दांनीच देता येते. शिवाय, ज्यांना एकमेकींचा रोजचा दिवस माहीत असतो त्यांना मदतीची वेळही ओळखता येते. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. जिला माहीत आहे की अमकीची सासू पडून आहे आणि पातेऱ्याचे भारे अजून रानातच आहेत, ती न सांगता आपल्या भावाला पाठवते.

असं एकमेकांचं ठाऊक असणं जीवही वाचवतं. अमेरिकेत शिकागोत १९९५ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे त्याचा शोध घेतला, तेव्हा दिसलं की गरिबी सारखीच असलेल्या शेजारशेजारच्या वस्त्यांतही, जिथं रस्त्यावर, दुकानांत रोजचं येणंजाणं होतं तिथं माणसं जास्त वाचली. आपलं महाड पुराचं गाव. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा फोनही मुके झाले. मग ऐन वेळी बंद पडणाऱ्या फोनवरच्या गप्पांचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. फोन बंद पडतो, पण त्याआधी वर्षभर त्यावरून जे कळलेलं असतं ते डोक्यातून जात नाही. कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाला जिना उतरवत नाही, हे पुराच्या रात्री विचारायचं नसतं. ते थंडीतच ठाऊक झालेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप तू केलेला नाहीस, पण मीच करते, कारण तो तुझ्यापेक्षा तुझ्या सोबतिणींना जास्त लागू आहे. कुरकुरीने कुरकुर वाढते. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास मांडला. एकच दुखणं पुन्हापुन्हा उगाळत बसणाऱ्यांची मैत्री घट्ट असते, आणि उदासपणाही जास्त आढळतो, असं त्यांना दिसलं. मुलींमध्ये हे उगाळणं अधिक. म्हणजे माझ्या म्हणण्याची एक बाजू त्यातून खरी ठरते आणि दुसरी धोक्यात येते. त्यामुळे काहीही, कितीही बोला असं मी म्हणत नाही. दिवस सांगणं आणि दुःख उगाळणं यांत फरक आहे, आणि तो बहुतेक वेळा तपशिलात सापडतो. ‘माझं नशीबच असं’ या वाक्याला पुढे वाट नाही. ‘रात्रीच्या दवाने शेणी ओल्या झाल्या, आता दोन दिवस मागे’ या वाक्याला आहे. कोणीतरी झाकायला काय वापरलं ते सांगते, कोणी हसते, कोणी आपल्याही ओल्या झाल्याचं कळवते. तपशिलाचाच एक जुना दाखला देते. शिवथरघळ आपल्याच महाड तालुक्यात. दासबोध तिथं लिहिला गेला असं आपण मानतो. त्याच ग्रंथात एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी अख्खा समास लेखनक्रियेवर आहे, अक्षर कसं असावं, बोरू कसा कापावा, शाई कशी असावी इथपर्यंत. परमार्थ सांगणाऱ्याला बोरूचं टोक क्षुल्लक वाटलं नाही. बारकाई माणसाला स्वतःच्या रडगाण्यातून बाहेर काढते, असं मला त्यावरून वाटत आलं आहे.

आणि काही वैताग असे असतात की ते नुसते ऐकून घेणं हाच अन्याय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माघ सरत नाही तोच वरच्या वाड्यांतल्या विहिरी तळ दाखवायला लागतात. दहाजणी दहा दिवस ‘आज पाणी आलं नाही’ लिहितात तेव्हा तो कोणा एकीचा वैताग उरत नाही. महाडात राहून पाणी भरणं हे किरकोळ काम आहे असं कोणी म्हणू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह त्या तळ्याचं पाणी घेतलं, आणि त्या तळ्यावरून पुढे चाललेला दावा हायकोर्टात सुटायला १९३७ उजाडलं. माणूसपण नाकारलेल्यांच्या त्या लढ्याशी आपल्या नळाच्या तक्रारीची बरोबरी मी करत नाही. करणं शोभणारही नाही. सांगायचंय ते एवढंच की घागर भरण्याइतकी रोजची, घरगुती वाटणारी गोष्टसुद्धा चारचौघांत मांडली गेली तेव्हाच तिचा प्रश्न झाला. तू शिकलेली आहेस, तर इथं तुझी पाळी आहे. कोणत्या वाडीत कोणत्या तारखेला पाणी आलं नाही हे त्या ग्रुपच्या संदेशांतून वेचून एका कागदावर उतरवून दे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं तो कागद घेऊन जायला तुझ्या सोबतिणी समर्थ आहेत.

दिखाऊपणाचं म्हणशील तर तो हळदीकुंकवातही होता, आणि तिथं तर विधवेला दाराबाहेर ठेवत. फोनवरचा ग्रुप निदान तेवढं विचारत नाही. चारचौघींत सांगितलेलं बाहेर फुटण्याची भीती मात्र खरी आहे. घरातल्या माणसाची अब्रू, कोणाच्या आजाराची गोष्ट, पैशाअडक्याची नड हे ग्रुपवर नको. ते एकीला, फोन करून. आणि अभ्यासाच्या वेळी फोन पलीकडच्या खोलीत ठेव. सावड पहाटेपासून रात्रीपर्यंत नसते, तिलाही वेळ ठरलेली असते.

राहिलं तुझं स्वतःचं. पुण्यात सांगण्यासारखं काही घडत नाही असं तू लिहितेस. खोलीतला गीझर बिघडलाय, मेसच्या पोळ्या गार असतात, बादलीभर कपडे रविवारची वाट बघतात, हे तूच मला दोन पानं भरून लिहिलं आहेस! तेच त्यांना लिही. पुण्याला गेलेलीलाही गार पाण्याने अंघोळ करावी लागते, हे पोलादपुरात कळू दे. परत बोलायला लागशील तेव्हा इतके दिवस गप्प का होतीस याचा खुलासा करत बसू नकोस. जिच्या शेंगा वानरांनी नेल्या तिला विचार, किती उरल्या, आणि बियाण्यापुरता वाल राखला आहे का.

तुझी,
मावशी