एकच स्क्रिप्ट, तीन मशिनी

अगं, प्रत्येक मशिनीसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहायला बसू नकोस. जुन्या पीसीवर डेबियन बसवणारी तुझी स्क्रिप्ट चांगली आहे. आता तीच नव्या लॅपटॉपवर आणि रास्पबेरी पायवर चालवायची म्हणून धास्तावली आहेस, पण खरं सांगू का, युजर, पॅकेजं, टाइमझोन हे सगळं जवळपास तसंच राहतं. अडतं ते तीनच जागी.

आधी प्रोसेसर. ‘युनेम -एम’ला विचारलंस तर पीसी म्हणेल ‘एक्स८६_६४’ आणि पाय म्हणेल ‘एएआर्च६४’. डेबियनची पॅकेजं मात्र त्यांनाच ‘एएमडी६४’ आणि ‘आर्म६४’ म्हणतात. शिवाय पायवर ६४ बिटी कर्नल आणि वरची सिस्टिम ३२ बिटी, असंही असतं. म्हणून पॅकेज निवडताना युनेमवर विसंबू नकोस, ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ला विचार.

दुसरी जागा डिस्कची, आणि इथे मी तुझं काही ऐकणार नाही. पीसीत ‘एसडीए’, लॅपटॉपात ‘एनव्हीएमई०एन१’, पायच्या कार्डाला ‘एमएमसीबीएलके०’. बघ, नाव आकड्यावर संपलं की पार्टिशनच्या आधी ‘पी’ येतो: ‘एसडीए१’, पण ‘एनव्हीएमई०एन१पी१’. आणि पेनड्राइव्ह लावलेला असला की कालचा ‘एसडीए’ आज ‘एसडीबी’ होऊ शकतो. तेव्हा ‘बाय-आयडी’मधलं कायमचं नाव वापर. पुसण्याआधी स्क्रिप्टने ‘एलएसबीएलके’ची यादी दाखवायची, थांबायचं, आणि तू डिस्कचं नाव स्वतः टाइप केल्याशिवाय पुढे जायचं नाही. घाई असली तरी ही पायरी काढायची नाही, कळलं ना?

राहिलं बूट. ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ ही डिरेक्टरी दिसली तर ग्रबचं ईएफआय पॅकेज, नाही तर ‘ग्रब-पीसी’. फक्त इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच सुरू केलास ना, ते बघ. जुन्या बायोस मोडमध्ये सुरू झाला तर नव्या लॅपटॉपवरही ती डिरेक्टरी दिसत नाही. पायला सहसा ग्रब लागतच नाही. त्याचं फर्मवेअर फॅट पार्टिशनमधली ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ वाचतं आणि कर्नल उचलतं, म्हणून तिथे ग्रबचा भाग सरळ वगळ.

आज रात्री पीसी आणि लॅपटॉपचे दोन्ही बूट क्यूईएमयूमध्ये चालवून बघ. प्रोसेसरची तपासणी बघायला आर्मचं मशीनही तिथेच उभं करता येतं. ते फार हळू चालेल, तुझं काही चुकलंय असं समजू नकोस. पायच्या बूटसाठी मात्र खरं कार्ड लागेल. एक रिकामं कार्ड फक्त या कामाला बाजूला ठेव आणि त्यावर हवं तितकं बिघडव.