विज्ञान शिकविणारा शिक्षक कसा घडतो? : होशंगाबादच्या प्रयोगाचा अभ्यास

प्राथमिक शाळेत विज्ञान कोण शिकवतो, या प्रश्नाचे उत्तर कला महाविद्यालयाच्या वार्षिकात द्यावे हे अनेकांना विचित्र वाटेल. पण ते उत्तर आपल्या फार जवळचे आहे. खालच्या वर्गांत एकच शिक्षक भाषा, गणित, परिसर अभ्यास असे सारे काही शिकवतो, आणि यांतील कितीतरी शिक्षक दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकून बसलेले असतात. आपल्यातूनही उद्या अनेकजण याच वाटेने जाणार आहेत. शेक्सपिअर आणि ज्ञानेश्वरी यांच्या सहवासात काही वर्षे घालवून एके दिवशी आपण चौथीच्या वर्गात उभे राहू आणि एखादे पोर विचारील, "गुरुजी, गोगलगाय काय खाते?" त्या क्षणी काय करायचे, हे कोणत्या प्रशिक्षणाने शिकवावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष घडलेल्या प्रयोगाच्या आधारे करावयाचा आहे.

रूढ पद्धत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पाठ वाचायचा, ठळक शब्दांखाली रेघ मारायची, खालची प्रश्नोत्तरे वहीत उतरवून घ्यायची. चुंबकाला दोन ध्रुव असतात हे वाक्य पाठ असणाऱ्या मुलाने चुंबक हातात धरलेला असतोच असे नाही. यात शिक्षकाचा आळस आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ज्याने स्वतः कधी चुंबक लोखंडाच्या किसावर धरून पाहिला नाही, त्याला तो मुलांच्या हाती देण्याची भीती वाटणारच. प्रयोग फसला तर? मुलाने भलतेच विचारले तर?

यावर अध्यापक विद्यालयांनी दोन प्रकारचे उपाय योजले. एक म्हणजे शिक्षकाला विषयाची अधिक माहिती द्यायची. दुसरा म्हणजे अध्यापनपद्धती शिकवायची : प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, आणि या साऱ्याचे पाठ टाचण. दोन्ही उपाय निरुपयोगी नाहीत. परंतु पाठ टाचणात मुलाच्या अपेक्षित उत्तराचा रकानासुद्धा शिक्षकाने आदल्या रात्री भरलेला असतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. उत्तर आधीच ठरले असेल तर शोधायचे काय?

तिसरी वाट मध्य प्रदेशात चाचपून पाहिली गेली. नर्मदेच्या खोऱ्यातील होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचे नाव नर्मदापुरम आहे) १९७२ मध्ये सोळा सरकारी माध्यमिक शाळांमधून ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. तिकडे ज्याला माध्यमिक म्हणतात ते सहावी ते आठवीचे वर्ग. आपल्याकडे ते बव्हंशी उच्च प्राथमिकमध्ये मोडतात. कार्यक्रम सुरू करणाऱ्या संस्था दोन : अनिल सद्गोपाल यांनी स्थापन केलेली ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’. सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात आलेले वैज्ञानिक. या कामामागे आणखीही एक मुंबईचा धागा आहे. डून स्कूलमधील बी. जी. पित्रे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या प्रयोगाधिष्ठित भौतिकीच्या अभ्यासक्रमाची चाचणी मुंबई महापालिकेच्या शाळांतून चालली होती आणि तीत टाटा संस्थेचे यश पाल व वि. गो. कुलकर्णी हे पुढे होते. त्या अनुभवाचा लाभ होशंगाबादला मिळाला. पुढे दिल्ली विद्यापीठातील अनेक प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे येऊ लागले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने त्याची जबाबदारी उचलली.

आता प्रशिक्षणाकडे वळू. दर उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांचे शिबिर होई. सहावीचे एका वर्षी, सातवीचे पुढच्या, आठवीचे त्याच्या पुढच्या. तीन उन्हाळे गेल्यावर शिक्षक ‘तयार’. शिबिरात व्याख्यान जवळजवळ नसे. शिक्षकांनी चार-चार जणांच्या टोळ्या करून बसायचे आणि मुलांनी जे करावयाचे तेच, त्याच क्रमाने, स्वतः करायचे. हाती ‘बाल वैज्ञानिक’ नावाची कार्यपुस्तिका असे. तीत सूचना आणि प्रश्न असत, उत्तरे नसत. व्याख्याही करणाऱ्यानेच शेवटी शोधून लिहायची. ज्यांची सारी हयात उत्तरे सांगण्यात गेली, अशा पन्नाशीच्या गुरुजींना हे किती जड गेले असेल याची कल्पना करावी.

एक पाठ जरा तपशिलाने पाहू. विषय मुळे आणि पाने. टोळ्यांनी शिवारात जायचे, निरनिराळी रोपे मुळांसकट उपटून आणायची, मुळे धुवायची आणि पानांच्या शिरा पाहायच्या. गवत, ज्वारी, मका, गहू यांच्या पानांत शिरा एकमेकींना समांतर धावतात. मुळांचा झुपका असतो. तूर, हरभरा, आघाडा, टाकळा यांच्या पानांत शिरांचे जाळे असते आणि एक सोटमूळ खाली उतरलेले असते. तक्ता भरत गेला की हळूहळू ध्यानात येते की जाळे आणि सोटमूळ, समांतर शिरा आणि झुपका, या जोड्या एकत्र चालतात. पुढे बी पाहिले तर डाळ होणारे आणि न होणारे असाही भेद त्याच रेषेवर पडतो. एकदल आणि द्विदल हे शब्द येतात ते सर्वांत शेवटी, आणि तोवर ते शब्द पाठ करण्याची गरज उरलेली नसते.

इथवर सारे सरळ आहे. खरी परीक्षा पुढे आहे. समजा, कोणी परसातून अळू आणले. अळूच्या पानात शिरांचे जाळे दिसते, मुळे मात्र झुपक्याची! वनस्पतिशास्त्र अळूला एकदलांत घालते. दुसऱ्या कोणी फांदी लावून वाढविलेले रोप आणले; पान जाळीदार, पण सोटमूळ कुठेच नाही, कारण सोटमूळ येते ते बीजापासून. नियम मोडला की काय? व्याख्येने शिकलेला शिक्षक येथे दोहोंपैकी एक करतो : अळू बाजूला ठेवायला सांगतो, किंवा ‘तो अपवाद आहे’ म्हणून पुढे जातो. शिबिरात मात्र त्याच अळूवर अर्धा दिवस गेला तरी चालत असे. शंभर रोपांत किती रोपे नियमाबाहेर गेली? ती कोणती? त्यांच्यात काही साम्य आहे का? नियम टाकायचा, की त्याची मर्यादा सांगायची? हा वाद ज्या शिक्षकाने स्वतः घातला, तो वर्गात अळू पाहून बिचकत नाही. अध्यापनशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ म्हणून जे सांगितलेले असते, ते मला तरी या अळूच्या पानात अधिक स्पष्ट दिसते.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले घेतो. कारण त्याला एका काठीपलीकडे काही लागत नाही. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सारेच म्हणतो. शाळेच्या पटांगणात हातभर काठी सरळ रोवावी आणि अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. मुंबईत सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही. ती साधारण बारा वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास पडते आणि वर्षभरात ही वेळही थोडी मागेपुढे सरकते. नागपुरात ती सव्वाबाराच्या सुमारास येते. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो, हे भूगोलात आपण वाचले होते. पण ते काठीशी कधी जोडले नव्हते. शिवाय त्या आखूड सावलीलाही लांबी असतेच. सावली पायाखाली पूर्ण नाहीशी होते ती महाराष्ट्रात वर्षातून दोनच दिवशी : एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेले. म्हणजे मुलांना हा चमत्कार दिसणे कठीण. शिक्षकांचे उन्हाळी शिबिर भरले असेल तर त्यांना मात्र सहज दिसेल!

साहित्याचा प्रश्न असाच बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा हाताशी असलेल्या वस्तूंतून विज्ञान कसे शिकवावे याची एक पुस्तिका युनेस्कोने १९४८ मध्ये काढली आणि तिच्यातूनच पुढे १९५६ मध्ये विज्ञानशिक्षकांसाठीचा त्यांचा प्रसिद्ध साधनग्रंथ तयार झाला. डबे, बाटल्या, दोरा, मेणबत्ती यांतून प्रयोगशाळा उभी राहते हा विचार तेव्हापासूनचा. होशंगाबादने तो अंगी मुरविला. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची युक्ती अरविंद गुप्ता यांना १९७८ मध्ये तेथेच सुचली आणि आज ती देशभर पोचली आहे. उलट आपल्याकडे १९८७ नंतर खडू-फळा योजनेत शाळांना साहित्याच्या पेट्या मिळाल्या, त्यांतील अनेक पेट्या कुलपातच राहिल्या. कारण साधे आहे. जडसंग्रह नोंदवहीत भिंग ‘एक नग’ म्हणून चढले की ते फुटण्याची जोखीम मुख्याध्यापकांवर येते. न वापरलेले भिंग तपासणीत उत्तम ठरते. होशंगाबादच्या कार्यक्रमात फुटतूट ही वापराची खूण मानून साहित्य दरवर्षी भरून देण्याची तरतूद ठेवावी लागली. शिक्षकाचे प्रशिक्षण कितीही चांगले असो, एका नोंदवहीपुढे ते हरू शकते.

शिबिर संपले की काम संपले, असेही नव्हते. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांतील शिक्षक एकत्र येत. त्याला ते मासिक गोष्ठी म्हणत. गेल्या महिन्यात कोणता प्रयोग फसला, पुढच्या पाठात काय अडेल, याची चर्चा होई. शाळांना भेटी देणारे साहाय्यक वर्गात बसत. ते तपासनिसाच्या भूमिकेत नसत. शिक्षकांनी काढलेल्या अडचणींवरून पाठ बदलले गेले आणि काही वर्षांत याच शिक्षकांतून दुसऱ्यांना शिकविणारे ‘स्रोत शिक्षक’ तयार झाले. मुलांच्या शंकांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी त्याला पत्र लिहायचे आणि त्याने उत्तर पाठवायचे. शिक्षकाला सारे ठाऊक असलेच पाहिजे, या ओझ्यातून त्याची सुटका करण्याचा हा किती साधा मार्ग! ‘मला माहीत नाही, आपण सवालीरामला विचारू’ असे म्हणताना गुरुजींचा मान जात नाही.

परीक्षेलाही हात घालावा लागला, नाहीतर सारे व्यर्थ होते. शासनाने परवानगी दिल्यामुळे आठवीची परीक्षा वेगळी घेता आली : पुस्तक उघडे ठेवून लेखी, आणि शिवाय प्रात्यक्षिक. पुस्तक पाहून उत्तर सापडणार नाही असे प्रश्न काढणे हेच शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण होते. आपल्यापैकी प्राध्यापक मंडळींनी एकदा असा एकच प्रश्न काढून पाहावा, म्हणजे त्यातील मेहनत कळेल.

या प्रयोगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सर्वच शाळांत तो सारखा रुजला नाही. काही ठिकाणी कार्यपुस्तिकेतील रिकाम्या जागांची उत्तरे फळ्यावर लिहून देण्याची जुनी खोड परत आली. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की वर्ग पोरका होई. आणि नववीत गेल्यावर मुलाला पुन्हा पाठांतराच्याच राज्यात राहावे लागे. मग ‘आमची मुले माहितीत मागे पडतात’ ही पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला आणि इतरत्र असलेलेच पाठ्यपुस्तक तेथेही लागू केले. तेव्हा तो सुमारे पंधरा जिल्ह्यांत आणि हजाराच्या आसपास शाळांत चालू होता. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबते, याचा अर्थ ते वाईट होते असा नाही. पण शासनाच्या यंत्रणेत ते पुरेसे खोल गेले नव्हते, एवढे मान्य करावे लागेल. तीनच वर्षांनी, २००५ मध्ये, यश पाल यांच्याच अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला आणि करून शिकण्याचा तोच आग्रह त्यात देशासाठी मांडला गेला, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातही असे काम झालेले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांतले होते. तेथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले गेले, आणि ती आपल्या शाखेच्या अगदी जिव्हाळ्याची आहे : विज्ञानाच्या पुस्तकातील भाषा. ‘उष्णतेच्या सान्निध्यात धातूचे प्रसरण होते’ या वाक्यात मुलाला जे अडते ते विज्ञान असतेच असे नाही. बहुधा ते ‘सान्निध्य’ आणि ‘प्रसरण’ असते. ‘तापविले की धातू फुगतो’ म्हटले तर तेच मूल बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार ती आधी तापवून का घेतो ते सांगू शकेल. मराठीचा पदवीधर प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवायला गेला, तर त्याच्या हाती हे एक साधन आधीच असते. ते वापरायला मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते.

महाराष्ट्रात दर काही शाळांमागे एक केंद्र असते आणि केंद्राच्या पातळीवर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. होशंगाबादच्या गोष्ठीसाठी जी चौकट मुद्दाम उभारावी लागली, ती येथे तयारच आहे. त्या परिषदेचा वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात किती जातो आणि कोणा गुरुजींनी पिशवीतून आणलेल्या अळूच्या पानावर किती, हे आपल्या गावच्या केंद्रावर जाऊन कोणालाही पाहता येईल. पुढील वर्षीच्या अंकासाठी आपल्यापैकी कोणी तसे पाहून लिहिले, तर या लेखाचा दुसरा भाग आपोआप तयार होईल.