पाणी कुठून जातं?

तपासनीसाने मागच्या चाकाच्या थोडं पुढे, दाराखालच्या पट्टीवर हातातल्या छोट्या हत्याराने दोनदा टोकलं. पहिल्यांदा ठक् असा आवाज आला. दुसऱ्यांदा आलाच नाही. काळ्या डांबरी लेपाचा पापुद्रा सुटला आणि त्यामागे पत्रा नव्हताच. गाडीवर नऊशे पौंडांचं नवंकोरं सस्पेन्शन बसवून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन बॉडीला जिथे जोडलेलं असतं तिथून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल, तर गाडी नापास. माझी दोन्ही बाजूंनी नापास झाली. वेल्डिंगचा खर्च आला अकराशे पौंड.

गाडी 1992 ची माझदा एमएक्स-5, जपानमध्ये युनोस रोडस्टर नावाने विकली गेलेली आणि तिथून जुनी म्हणून इथे आलेली. ही गाडी फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. जुन्या इंग्रजी लोटस एलानचा हलकेपणा, पण रोज सकाळी चालू होणारी, असा तो घाट होता. 1.6 लिटरचं इंजिन, जोर मागच्या चाकांवर, टप मागे दुमडणारं, आणि दिवे लावले की बॉनेटमधून बेडकासारखे वर येणारे डोळे. मी सांगलीकडचा. कॉलेजात असताना या गाडीचा फोटो वहीच्या कव्हरवर लावला होता. रेडिंगजवळ घर घेतलं, घराला गॅरेज मिळालं, आणि 2016 मध्ये ती आली. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला ते महिन्याच्या महिन्याला कळत गेलं.

पहिल्या दोन वर्षांत मी काय काय केलं? लाकडी स्टिअरिंग, आवाज करणारा सायलेन्सर, रुंद चाकं आणि शेवटी ते सस्पेन्शन. सगळं डोळ्यांना दिसणारं. जे दिसत नव्हतं त्याकडे मी गेलोच नाही. घेताना गाडीच्या पोटाला ताजा काळा लेप दिसला तेव्हा मला वाटलं, काय काळजी घेतली आहे मालकाने! आज असा लेप दिसला तर मी आधी तो खरवडू देणार का विचारीन, आणि नाही म्हणाला तर चहा पिऊन परत येईन.

गंजाचं खरं कारण सापडलं ते अण्णांमुळे. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काम करून निवृत्त झाले. त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले होते. वेल्डिंग करून आणलेल्या गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि विचारलं, "टपावर पडलेलं पाणी कुठून जातं रे?"

"खाली जात असेल की, अण्णा."

"असेल नको. दाखव."

दाखवता येईना. मग पुस्तक काढलं. या गाडीत टपावरचं पाणी सीटच्या मागच्या पन्हळीत उतरतं, तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली पडतं. आमच्या दारातल्या बर्च झाडाचा पाला त्या नळ्यांच्या तोंडात कुजून चिखल झाला होता. तुंबलेलं पाणी हळूहळू दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरायचं आणि तिथेच राहायचं. वर इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. पत्रा आतून सडत होता आणि मी बाहेरून पॉलिश करत होतो.

नळी साफ करायला मी कडक तार घेतली, तर अण्णांनी हात धरला. आतली जुनी नळी तारेने फाटते. हवेच्या जोराने तर ती जोडातून निघते, आणि मग पाणी कायमचंच आत पडतं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी पुरते, टोक मेणबत्तीवर गोल करून घ्यायचं. नंतर वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि खाली पडलं की नाही ते वाकून बघायचं. पाला गळून झाला की एकदा आणि हिवाळा संपल्यावर एकदा, एवढं केलं तरी ते अकराशे पौंड वाचतात.

सस्पेन्शनचीही गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे चूक पूर्ण माझी. आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जखडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळून होते. मी गाडी उचललेली, चाकं लोंबकळलेली, अशा अवस्थेत सगळे बोल्ट कचकचून आवळले. गाडी खाली उतरली त्या क्षणापासून रबरं पिळलेलीच. वर्षभरात चार फाटली. बोल्ट हाताने लावावा, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर भार देऊन बसवावी आणि मगच शेवटचा आवळ द्यावा. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट. ते राहिलं तर नवे टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात; माझे गेले. आणि इथे राहणाऱ्यांसाठी: असा प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. सायलेन्सरसुद्धा. मी कळवला नव्हता, सुदैवाने त्या वर्षात काही झालं नाही.

काही होता होता राहिलं ते घरच्या अंगणात. फक्त जॅकवर गाडी, एक चाक काढलेलं, आणि घरंगळलेला सॉकेट घ्यायला मी हात आत घातला. जॅकचं सील गळत होतं, गाडी बोटभर बोटभर खाली येत होती. हात बाहेर आला आणि डिस्क जमिनीला टेकली. अण्णा दारातून बघत होते. ते ओरडले नाहीत. आत गेले, चहा टाकला आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोड्या आणल्या. अण्णा स्टँडला घोडी म्हणतात, वर्कशॉपचा शब्द. जॅक उचलण्यासाठी, घोडी धरण्यासाठी. उन्हात डांबर मऊ होतं आणि घोडीचे पाय आत रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा. काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, दाराच्या खाली आडवं सरकवायचं. सगळं हुकलं तरी गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. जॅक लावायचा तो मागे डिफरेन्शियलखाली, पुढे इंजिनखालच्या आडव्या तुळईला. दाराखालच्या पट्टीची कड आधीच गंजलेली असेल तर तिथे जॅक लावणं म्हणजे पापडावर उभं राहणं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकत होतं. एका गॅरेजने सांगितलं, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सहाशे पौंड. मी हो म्हणणार होतो.

"तेल वरून खाली येतं," अण्णा म्हणाले. "तू खालीच बघतोयस."

इंजिन पुसून कोरडं केलं, मागच्या बाजूला मुलीची टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. पावडरीतून तेलाची रेघ सरळ सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला गेली. तिथे कॅमचा कोन मोजणारा सेन्सर बसतो, त्याची रबरी रिंग पंचवीस वर्षांत बांगडीसारखी कडक झाली होती. रिंग दोन पौंडांची. जागा मात्र अशी की बॉनेटच्या मागच्या भिंतीत हात खुपसून केवळ स्पर्शाने काम करावं लागतं. सेन्सर काढण्याआधी त्याच्यावर आणि हेडवर मिळून एक खूण करा. तो थोडा जरी फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं. मी खूण केली नव्हती, असं लिहायची वेळ आली नाही, कारण अण्णांनी खिळ्याने आधीच केली होती.

टॉर्क पाना घ्या. उधार आणा, पण वापरा. माझा समज असा की हाताला अंदाज असतो. या गाडीत स्पार्क प्लगला 15 ते 23 न्यूटन-मीटर, चाकाच्या नटांना 88 ते 118. माझ्या हाताचा अंदाज दोन्हीकडे एकच होता, आणि ऑइल सम्पच्या बोल्टचे आटे त्यातच गेले.

जुनी गाडी घेतल्यावर पहिलं वर्ष मी आता असं काढीन: ब्रेक ऑइल, टायमिंग बेल्ट, रेडिएटर आणि त्याच्या नळ्या, टायर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 जातीचं ताजं तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, पाणी मुरलेल्यासाठी तीच अट 155 वर येते. घाटात दमलेला ब्रेक आणि मऊ पडलेलं पेडल यांचं नातं तिथे आहे. या गाडीच्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी मूळची काळी. ती तपकिरी दिसू लागली की तडकण्याची वाट बघू नका. टायरची नक्षी भरपूर असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. माझ्यावर नक्षी छान होती आणि रबर अकरा वर्षांचं.

सायलेन्सर आणि रुंद चाकं मी विकून टाकली. लाकडी स्टिअरिंग ठेवलंय. सगळंच काही शहाणपणाने करायचं नसतं.

अण्णा आता सांगलीला असतात. रविवारी फोन आला की आधी नातीची चौकशी, मग हवामान.

"पाऊस आहे का तिकडं?"

"आहे की. कालपासून लागलाय."

"मग बघितलंस का?"

मी फोन कानाला लावूनच बॅटरी घेऊन बाहेर जातो, मागच्या चाकापाशी वाकतो.

"पडतंय, अण्णा. दोन्हीकडनं."

"सारखंच?"

"उजवीकडं जरा कमी."

"मग ती बाजू आजच साफ कर," ते म्हणतात, आणि फोन आईकडे देतात.